दोन याद्यांतलं एक नाव

मला तोंडावर कोणालाही नाही म्हणता येत नाही. ब्रायर क्रीकमध्ये आम्ही सगळेच असे. शेजारीण खारट सूप घेऊन आली तर भांडं परत करताना कृती मागायची, ही आमची रीत. लहानपणापासून अंगवळणी पडलेली. पण त्या वर्षी जानेवारीत, आता त्याला पन्नास वर्षं होत आली, मी एकाच आठवड्यात दोन जणांना होकार दिला आणि ते दोन्ही होकार कागदावर लिहिले गेले.

पहिला होकार व्हर्नाला. व्हर्ना माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या, त्यामुळे ती मला विचारत नसे, सांगत असे.

"सोमवारी कॉकस आपल्या घरी आहे," ती फोनवर म्हणाली. "लिंबाच्या वड्या आण. दोन ताटं. आणि तुझं नाव मी लॅथ्रॉपच्या यादीत घातलंय."

"हो, घाल की," मी म्हटलं.

"पुढे एक लिहिलाय."

एक म्हणजे पक्का माणूस, दोन म्हणजे कललेला, तीन म्हणजे कुंपणावरचा. पाच म्हणजे दारात उभं करणार नाही तो. लॅथ्रॉपसारखे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आमच्या आयोवात वर्षभर आधीपासून फिरायला लागत आणि त्यांची माणसं असे आकडे लिहीत गावोगाव हिंडत. पक्षाने कोणाला उभं करायचं हे ठरायला सुरुवात आमच्यापासून होते, म्हणून एरवी ज्यांना आमचं गाव नकाशावर सापडलं नसतं, ते आमच्या गोठ्यात उभे राहून डुकरांचे भाव विचारत.

आणि आमच्या पक्षात चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची सोय नव्हती. कॉकस म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जमायचं, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि मोजून घ्यायचं. कोण कुठे उभं आहे ते सगळ्या गावाला दिसे. माझा नवरा रॉय दुसऱ्या पक्षाचा. त्यांची सभा त्याच संध्याकाळी शाळेत असे आणि ते गुपचूप चिठ्ठ्या टाकून, केक खाऊन आठच्या आत घरी येत. तो मला चिडवायचा, "तुमची लोकशाही म्हणजे मुलांचा डोंगर का पाणी."

दुसरा होकार एमिल व्होंद्राला. एमिल आमच्या गावचा अंत्यविधीवाला. तीन दिवसांनी तो हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी, म्हणजे मी जिथे कामाला होते त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. टोपी हातात, कानाच्या पाळ्या थंडीने लाल.

"आर्डिस, मी पेकहॅमसाठी माणसं गोळा करतोय," तो म्हणाला. "गेल्या खेपेला चौतीस जण आले होते. पंधरा टक्क्यांच्या खाली गेलं की गट बाद. म्हणजे मला सहा लागतात. पाच आहेत."

मी हात पुसत उभी राहिले. मागे कपाटात थाळ्या रचलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून मी एमिलच्या टोपीकडे बघत होते.

"लिहा माझं नाव," मी म्हटलं.

"नक्की? व्हर्नाचं काय?"

"लिहा, मिस्टर व्होंद्रा."

त्यानेही पुढे एक लिहिला.

तर पहिला होकार रीतीचा होता आणि दुसरा खरा. का, ते सांगते.

व्हर्नाचा नवरा लेलंड. दुधाची गाडी चालवायचा, स्वभावाने लोण्यासारखा. चार वर्षांत त्याला हृदयाचे दोन झटके येऊन गेले होते. दोन्ही वेळा व्हर्नाने त्याला आमच्या चौदा खाटांच्या हॉस्पिटलात आणलं आणि दोन्ही वेळा तो वाचला. घरापासून हॉस्पिटल उन्हाळ्यात पाच मिनिटं, बर्फात सहा. हे तिने मोजलेलं होतं. त्यानंतरचं मोठं हॉस्पिटल वॉटरलूला, बावन्न मैलांवर. आमचं बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हापासून व्हर्नाला झोप नव्हती. रात्री उठून ती लेलंडच्या नाकाखाली हात धरून बघे, हे मला लेलंडनेच सांगितलं होतं. "मी जागाच असतो," तो म्हणाला होता. "पण तिला बरं वाटावं म्हणून जरा जोरात श्वास घेतो."

ऑक्टोबरात सिनेटर लॅथ्रॉप आले. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभं राहून, लेलंडच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी सांगितलं, "मी असेपर्यंत हे दार बंद होणार नाही." पेपरात फोटो आला. व्हर्नाने तो काचेत बसवला.

नोव्हेंबरात गव्हर्नर पेकहॅम आले. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सकाळी पॅनकेक होते, माणसं वीस-बावीस. व्हर्नाने सगळ्यांसमोर विचारलं, "आमचं हॉस्पिटल वाचवाल का?" त्या माणसाने हातातला काटा खाली ठेवला. "नाही, मिसेस लार्किन," तो म्हणाला. "वाचवीन म्हटलं तर खोटं होईल. एवढ्या लहान हॉस्पिटलात डॉक्टर राहायला तयार नाहीत, आणि ते मला कायद्याने आणता येणार नाहीत. पण प्रत्येक काउंटीत शिकलेल्या माणसांच्या दोन अँब्युलन्स मी देऊ शकतो, आणि देईन."

व्हर्ना पानातलं अर्धं टाकून उठली. तिला अन्न टाकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आता माझं. मी सत्ताविसाव्या वर्षी त्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात लागले तेव्हा वर रोज तेरा थाळ्या जात. त्या हिवाळ्यात तीन जात होत्या. त्यातली एक नर्सची. दुसरी मिसेस ऑकर्मनची, जिला आजार काही नव्हता, जायला घर नव्हतं. तरुण डॉक्टर जूनमध्येच गेला. राहिलेले डॉक्टर एकाहत्तर वर्षांचे, त्यांच्या कपातली कॉफी बशीत सांडे. एक्स-रेच्या यंत्रावर चादर टाकलेली. आणि सप्टेंबरात नॉर्बर्ट कॅसने आम्हा कामकऱ्यांना माझ्याच ओट्याभोवती उभं करून सांगितलं होतं की यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर उरलेले रोगीही येणार नाहीत आणि त्याचं खापर आपल्यावर फुटेल. नॉर्बर्ट धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक आणि हॉस्पिटलच्या समितीवर. आम्ही माना हलवल्या. मी व्हर्नाला रोज फोन करी, आणि रोज ते सोडून बाकी सगळं बोले.

सोमवारी पारा शून्याखाली एकोणीस. माणसं गाड्यांची इंजिनं चालूच ठेवून आत आली. मी दोन ताटं हातात घेऊन व्हर्नाच्या दारात उभी राहिले. वाटेत मी ठरवलं होतं की हात पोळलाय सांगून परत फिरावं. पण तिने दार उघडलंच.

"आलीस? सही कर. वड्या ओट्यावर ठेव आणि इकडे ये, लॅथ्रॉप दिवाणखान्यात."

व्हर्ना अध्यक्ष होती. जागा तिनेच वाटल्या होत्या. लॅथ्रॉपवाल्यांना दिवाणखाना, पेकहॅमवाल्यांना स्वयंपाकघर, आणि ज्यांचं ठरत नव्हतं त्यांना जिना. म्हणजे वड्या ठेवायला मला शत्रूच्या गोटातूनच जायचं होतं.

स्वयंपाकघरात एमिल, त्याची बायको डोरोथिया आणि आणखी तिघं फ्रिजला टेकून उभे होते. "या, सहाव्या बाई!" एमिल दबक्या आवाजात म्हणाला. डोरोथियाने माझ्या हातात कोलाचा, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, ठेवला, लाच दिल्यासारखा.

"कोट ठेवून येते," मी म्हटलं.

कोट वरच्या खोलीत पलंगावर रचलेले होते. मी माझा त्यावर ठेवला, मग उगाच घडी केली, मग दुसऱ्यांच्याही घड्या केल्या. खाली व्हर्नाचा आवाज आला, "सगळ्यांनी आपापल्या जागी!" मी जिन्याने उतरू लागले, आणि पाचव्या पायरीवर माझे पाय थांबले. तिथे शाळेतली मिस गेडिस, दोघे भाऊ हाइनरिक आणि आणखी काही जण बसलेले होते.

"बस," मिस गेडिस सरकून म्हणाली. "इथे ऊब आहे. ठरत नसलं की माणूस वरच चढतो."

मी बसले.

पहिली मोजणी झाली. व्हर्ना मोजताना प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायची आणि आकडा मोठ्याने म्हणायची. मेंढरं मोजायची आमच्या वडिलांची पद्धत. दिवाणखान्यात एकोणीस, लेलंड धरून. तो आपल्या पाय पसरायच्या खुर्चीत होता, गुडघ्यांवर घोंगडी. स्वयंपाकघरात पाच. मग ती जिन्याशी आली. एक, दोन, तीन. माझ्यापाशी तिचा हात हवेतच राहिला.

"तू इथे काय करतेस?"

"कोट ठेवायला गेले होते."

"ठेवलास ना? मग ये खाली."

"येते. जरा बघते."

"काय बघतेस?" ती हसलीच. "लॅथ्रॉपचं तोंड विसरलीस? भिंतीवर टांगलंय."

तेवढ्यात एमिल स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याचा हेतू वाईट नव्हता. मयताच्या कामात कागद चोख ठेवायची सवय, एवढंच. "व्हर्ना, माफ कर," तो म्हणाला, "पण आर्डिस आमच्याकडची आहे. ही बघ यादी. स्वतः सांगितलंय तिने."

"तुझ्या यादीत?" व्हर्नाने यादी लावलेली आपली पाटी छातीशी धरली होती, ती पुढे केली. "माझ्या यादीत आहे. एक लिहिलाय."

"माझ्यातही एकच आहे."

हाइनरिकांपैकी धाकटा म्हणाला, "मग कापा अर्धी अर्धी!" हशा उसळला. कोणी म्हणालं, आर्डिसला दोनदा मोजा, वड्याही दोन ताटं आणल्यात. मीही हसले. व्हर्ना हसली नाही. तिच्या मानेवर लाल डाग उठले. आमच्या घराण्यात राग तिथे दिसतो. तिने माझ्या खांद्यावर हात न ठेवताच "दहा" म्हटलं आणि ती वळली.

एकोणीस, दहा, पाच. एकूण चौतीस. पेकहॅमला एक कमी. नियमाप्रमाणे अर्धा तास मिळाला. त्या वेळात कोणीही कोणाला समजवायचं, कोणीही जागा बदलायची, आणि शेवटी पुन्हा मोजायचं. जो गट सहाच्या खाली राहील तो मोडायचा.

दिवाणखान्यातून नॉर्बर्ट कॅसचा आवाज आला. "एमिल, सोड ना हट्ट. अँब्युलन्स आल्या तर तुझाच धंदा बसेल!"

"बसू दे," एमिल म्हणाला. तो आता जिन्यापाशी येऊन उभा होता, सगळ्यांना दिसेल असा. "या गावची अँब्युलन्स कोणती, नॉर्बर्ट? माझीच गाडी. मागे खाट टाकली की अँब्युलन्स, पेटी ठेवली की दुसरं काही. गेल्या वर्षी अकरा जणांना घेऊन मी वॉटरलूला निघालो. चार जण वाटेत गेले. मागे त्यांच्याजवळ डोरोथिया बसते. तिला काय येतं? हात धरता येतो. मी जे शिकलोय ते माणूस गेल्यावरचं आहे."

"म्हणून हॉस्पिटल सोडून द्यायचं?" व्हर्ना पुढे आली. "आज सहा मिनिटं लागतात. तुझा पेकहॅम म्हणतो बावन्न मैल जा. गाडीत शिकलेला माणूस असेल, वा! बर्फात अडकलो की तो मला शिकलेला धीर देईल!"

"लॅथ्रॉप वाचवणार कसं, ते विचारलंस का?"

"वाचवीन म्हणाला."

"कसं?"

"अरे, निदान म्हणाला तरी! तो दुसरा माझ्या तोंडावर नाही म्हणाला. पॅनकेक खाताना. नाही म्हणणाऱ्या माणसासाठी मी उभी राहू?"

"तोच तर एक खरं बोलला," मिस गेडिस पायरीवरून म्हणाली. "बाकी सगळे आले, आपल्याला पाहिजे ते बोलले आणि गेले. मी चाळीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्यात. खरं बोलणारं मूल वर्गात एखादंच असतं आणि ते कोणाला आवडत नाही."

"मग जा ना त्याच्याकडे, बाई," नॉर्बर्ट म्हणाला.

"मला भीती वाटते," मिस गेडिस सरळ म्हणाली. "खरं बोलणारा निवडून येत नाही. म्हणून तर मी जिन्यावर आहे."

"मी इथे बसलोय बरं का," लेलंड खुर्चीतून म्हणाला. "तुम्ही सगळे माझ्या हृदयावरून भांडताय आणि मला कोणी कॉफी देत नाही."

थोडं हसणं झालं. डोरोथियाने त्याला कॉफी नेऊन दिली, दूध जास्त घालून. मला वाटलं, आता विषय थंड होईल, अर्धा तास संपेल, मी पायरीवरच मोजली जाईन आणि घरी जाऊन पांघरूण डोक्यावरून घेईन. तसं झालं असतं. पण व्हर्ना सगळ्यांकडे बघत म्हणाली, "हॉस्पिटल बुडतंय हे तरी कोणी सांगितलं? आर्डिस तिथेच आहे. काही असतं तर ती मला बोलली नसती का?"

आणि ती माझ्याकडे वळली. सगळेच वळले.

"सांग त्यांना," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, आर्जव होतं. "बरं चाललंय ना?"

"आर्डिस," नॉर्बर्ट शांतपणे म्हणाला. "उद्या मंगळवार आहे. कामाचा दिवस आहे. विचार करून बोल."

मी उभी राहिले. कठडा धरला. मी दिवाणखान्यातल्या सगळ्यांपेक्षा पाच पायऱ्या वर होते.

"तीन थाळ्या जातात," मी म्हटलं.

"काय?"

"वर. रोज तीन थाळ्या जातात. एक नर्सची, एक मिसेस ऑकर्मनची. म्हणजे रोगी एक." मग थांबताच येईना. "डॉक्टर एकच आहेत आणि त्यांचे हात कापतात. एक्स-रे बंद आहे. लेलंडला आता काही झालं तर सहा मिनिटांत पोचाल, व्हर्ना. पण तिथे पोचून काय, ते मला माहीत नाही."

व्हर्नाने पाटी पुन्हा छातीशी घेतली.

"कधीपासून?" व्हर्नाने विचारलं.

"सप्टेंबरपासून. डॉक्टर तर जूनपासून."

"तू मला रोज फोन करतेस."

"हो."

"काल तू मला लोकरीचा भाव सांगत होतीस. अर्धा तास."

तेव्हा लेलंडने कप खाली ठेवला.

"हात कापतात ते खरं आहे," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात सुई टोचायला चार खेपा लागल्या. मी म्हटलं, डॉक्टर, सावकाश, मला कुठे जायचंय."

व्हर्ना त्याच्याकडे फिरली. "तूही बोलला नाहीस?"

"तू इतकी धावपळ करत होतीस, व्हर्न. फोटो काचेत बसवलास." तो ओशाळला. "मन मोडवेना."

व्हर्ना उभी होती ती खुर्चीच्या हातावर टेकली. तिने पाटी मांडीवर पालथी घातली. तिच्यासाठी सहा मिनिटं हीच काय ती भिंत होती, तिच्या मागे ती चार वर्षं उभी होती, आणि ती भिंत मी काढून घेतली होती. तेही तिच्याच घरात, अर्ध्या गावासमोर. मला वाटलं, आता ती म्हणेल, जा. वेण्या घालताना मी हलले तर ती फणी टाकून उठून जायची. मग मी तासभर अर्धी वेणी घेऊन बसून राहायची, कारण अर्धवट सोडवायचीही भीती वाटे.

"पाच मिनिटं राहिली," कोणीतरी पुटपुटलं.

जिना दिवाणखान्यात उतरतो. स्वयंपाकघरात जायचं तर त्या एकोणीस माणसांमधूनच वाट होती. मी उतरले. कोणी पाय मागे घेतले, कोणी घेतले नाहीत. लेलंडच्या खुर्चीजवळून जाताना त्याने माझ्या कोपराला हात लावला, पण तो उठला नाही. नंतर मी त्याला विचारलं होतं, तू का नाही आलास? तर म्हणाला, "ती तिकडे एकटी उभी राहिली असती." दिवाणखान्यात सतरा-अठरा माणसं होती, तरी तो एकटी म्हणाला.

मी जाऊन फ्रिजजवळ उभी राहिले. डोरोथियाने माझा हात धरला. तिची ती सवयच.

"हे चालणार नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "व्हर्ना, ती तुझ्या यादीत आहे. शब्द दिलाय तिने. शब्दाला काही किंमत आहे की नाही? नाव खोडून घे म्हणावं आधी."

खरं सांगते, त्या क्षणी मला तेच हवं होतं. व्हर्नाने म्हणावं, नाही मोजत. म्हणजे मी केलेलं कशालाच लागलं नसतं आणि उद्या सकाळी मला फोन करता आला असता.

व्हर्ना उठली. स्कर्ट झटकला. "नॉर्बर्ट," ती म्हणाली, "अध्यक्ष मी आहे का तू?"

"तू. पण..."

"मग कॉफी पी. आणि समितीवर बसून सहा महिने तू मला काय काय सांगत होतास ते आठव, म्हणजे शब्दाची किंमत कळेल."

ती आत आली. एमिलच्या खांद्यावर हात ठेवला, "एक". डोरोथिया, "दोन". मग ते तिघं. मग ती माझ्यासमोर आली. तिचे डोळे माझ्या कपाळावर होते, डोळ्यांत नाही. हात माझ्या खांद्यावर पडला तो जड होता, टेकल्यासारखा, आणि जितका वेळ बाकीच्यांच्या खांद्यावर होता त्याहून जास्त वेळ तिथेच राहिला.

"सहा," ती मोठ्याने म्हणाली.

पेकहॅमचा गट टिकला. आमच्या वस्तीला मार्चमध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभेत चार प्रतिनिधी पाठवायचे होते. लॅथ्रॉपला दोन, जिन्यावरच्यांना एक, आम्हाला एक. पेकहॅम पाच आठवड्यांतच शर्यतीतून बाहेर पडले, लॅथ्रॉपही पुढे कुठेतरी मागे पडले. हॉस्पिटल दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात बंद झालं, म्हणून नॉर्बर्टला मला काढायची वेळच आली नाही. गावाने केक विकून, नाच ठेवून स्वतःच एक अँब्युलन्स घेतली. लेलंड त्यानंतर सात वर्षं जगला आणि गेला तो झोपेत, कोणाला कुठे न्यायची तसदी न देता. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मला तर एवढंच कळत होतं की माझी बहीण माझ्याशी बोलत नाहीये.

प्रतिनिधी म्हणून एमिल जाईल असं मी धरून चालले होते. पण त्याने मान हलवली. "मार्चमध्ये मला माणसं फार असतात," तो म्हणाला. "थंडी ओसरली की म्हातारे जातात. आर्डिसला पाठवा." बाकी चौघांनी हात वर केले. मला नाही म्हणता आलं नाही.

व्हर्ना जेवणाच्या टेबलाशी अर्ज भरत बसली होती. चष्मा नाकावर. मी समोर जाऊन उभी राहिले.

"पूर्ण नाव?" तिने वर न बघता विचारलं.

"व्हर्ना..."

"पूर्ण नाव सांगायचं. नियम आहे."

"आर्डिस मार्गारेट रोहवर."

तिने लिहिलं. माझ्या पहिल्या पाटीवर माझं नाव तिनेच लिहून दिलं होतं, तसंच गोल अक्षर.

"पत्ता?"

दर रविवारी ती माझ्या घरी जेवायला येत असे. मी पत्ता सांगितला. तिने तोही सगळा लिहिला, रस्त्याच्या नावासकट.

"कोणत्या उमेदवारातर्फे?"

"पेकहॅम."

पेन थांबलं. मागे माणसं कोट चढवत होती, वड्यांचं रिकामं ताट कोणीतरी विसळत होतं. व्हर्नाने ते नावही लिहिलं, दोन्ही बाजूंनी टीपकागद दाबला आणि अर्ज माझ्याकडे सहीसाठी सरकवला. मी सही केली. रोहवरचा शेवट रेषेखाली गेला.

"काउंटीच्या सभेत उठून बोलावं लागतं," ती म्हणाली. "गेल्या खेपेला मी बोलले होते. नीट मोठ्याने बोल. तुझा आवाज शेवटी पडतो."

"बरं."

"थाळ्यांचं सांग. डॉक्टरांचं नाव न घेता सांग, त्यांनी त्याला दोनदा वाचवलंय." तिने चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळे कोरडे होते, पण कडा सुजलेल्या. "आणि लेलंडचं नाव घ्यायचं नाही. तो काही लोकांना दाखवायचा रोगी नाही. फोटो काढून झाला एकदा, पुरे."

"मग काय म्हणू?"

तिने विचार केला. दिवाणखान्यात लेलंड कोणालातरी निरोप देत होता, गाडी सावकाश चालवा म्हणून.

"म्हण, आमच्या गावातला एक माणूस," व्हर्ना म्हणाली, आणि जिन्यावरच्यांचा अर्ज पुढे ओढून मिस गेडिसला तिचं पूर्ण नाव विचारू लागली.